ताईच्या हळदीची पाटी

अण्णा, उद्या माझ्या पोरीची हळद आहे आणि मला एका जागी बसवत न्हाई. मांडवात कुणाचा तरी मोबाइल वाजून राहिला, बायका मला शोधून राहिल्या, आणि मी इथं आपल्या हळकुंडं पॉलिश करायच्या ड्रमपाशी पोत्यावर बसून तुमाला लिहून राहिलो. हा कागद कुठं पोचणार न्हाई हे कळतं. तरी आजचं सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं न्हाई.

तुमाला आठवतं, कुरुंद्यात दुसरे ड्रमवाले हळकुंडावर रंगाची विषारी पिवळी पूड टाकायला लागले. माल लखलखीत निघे, बाजारात भाव खाऊन जाई, आणि आपली गिऱ्हाइकं तिकडं वळली. काका म्हणाले, "दादा, सगळेच टाकतात. आपण काय ड्रम बंद करून बसायचं?" तुमी नको म्हणाले. पण तुमी गावाला गेले की तुमचा हा धाकटा भाऊ गुपचूप पूड टाकायचा, आणि घरात खायची हळद तेवढी आधी काढून ठेवायचा. दोघांचा धंदा, भांडून भांडून तुमचा घसा बसला. मग काकांच्या थोरलीचं, ताईचं लग्न आलं. मला अजून दिसतंय: बायका हळद दळायला जात्यावर बसल्यात, आणि तुमी ड्रममधली, बाजाराला निघालेली पाटी त्यांच्यापुढं आणून ठेवता. काका धावत येतात, पाटीवर हात आडवा धरतात.

"ही न्हाई दादा. ही लेकराच्या अंगाला न्हाई लावायची."

"काहून? लोकाच्या लेकरांना चालते की."

काकांनी घरातली हळद आणून दिली, लग्न लागलं, आणि मांडव उतरल्यावर ते वेगळे झाले. स्वतःचा ड्रम टाकला. तुमच्या मयतीला आले तेवढेच, नंतर आपला उंबरा चढले न्हाईत.

आज दुपारी चढले, अण्णा! काठी टेकत, काखेत दळलेल्या हळदीचा डबा. "नातीला आणली. माझ्या ड्रमची हाय, बाजाराला जाते तीच," म्हणाले, आणि सगळ्यांदेखत चिमूटभर जिभेवर ठेवली. मी तिथंच मिठी मारली. आमी दोघंबी रडलो, आणि मला इतका आनंद झाला की पाहुण्यांना चहा द्यायचाही विसरलो.

एक मात्र कबूल करतो. काका हातपाय धुवायला गेले तेव्हा मी त्यातली चिमूट पाण्याच्या ग्लासात टाकली. रंगाची पूड असती तर पाणी गडद पिवळं झालं असतं. न्हाई झालं, हळद निवांत तळाला बसली. मान वर केली तर काका दारात उभे.

"बराबर केलं," ते म्हणाले. "दादानंबी पाहिलंच असतं."