आबामामा

१४ जून २००८

आज पण आबा फोनवर आले नाहीत. आई म्हणाली, "फिरायला गेलेत गं." मागे क्रिकेटची कॉमेंट्री स्वच्छ ऐकू येत होती. आई कधीपासून क्रिकेट बघायला लागली?

मार्चपासून हेच चाललंय. विलासकाकांनी त्यांना ऑर्कुटवरचा माझा फोटो दाखवला — एप्रन, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, समोर उष्ट्या प्लेट्सचा ढीग. फोटोत मी हसतेय, ते कुणी बघितलंच नाही. "इनामदारांची मुलगी लोकांची खरकटी काढते?" एवढं एकच वाक्य आबा बोलले म्हणे. त्यानंतर पोटच्या मुलीशी एक शब्द नाही.

कसले डोंबलाचे इनामदार! पणजोबांना कुठल्याशा राजाने जमीन दिली होती. ती नेमकी कुठे, ते आजवर कुणालाच सापडलेलं नाही. आबा स्वतः वीज मंडळात कारकून होते. पण तोरा असा, की मिरजेच्या मंडईत भाजीवालीनेसुद्धा अदबीने भेंडी तोलावी.

चिडलं की जरा बरं वाटतं. मग परत वाईट वाटतं.

१७ जून

जून महिना, आणि इकडे कडाक्याचा हिवाळा. युनिमध्ये (युनिव्हर्सिटीला इथे सगळे युनिच म्हणतात) दिवसभर कुणाशी बोलले नाही. लायब्ररीतल्या बाईला "थँक्स" म्हटलं, तेवढंच. माझाच आवाज मला घोगरा वाटला.

२१ जून

मी भांडी घासते त्या कोरियन रेस्टॉरंटमध्ये आज गंमत! मालकीण यीबाई — सत्तरीच्या असतील, सगळे त्यांना हल्मोनी म्हणजे आजी म्हणतात — मागच्या बाजूला कोबीला मीठ चोळत बसल्या होत्या. एकदम मला म्हणाल्या, "आय ॲम किंग्ज फॅमिली." मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. तर नाही! त्या जॉन्जू गावच्या यी. कोरियावर पाचशे वर्षं राज्य केलं ते हेच घराणं. १९१० मध्ये जपानने ते राज्य गिळलं. हे सांगताना बाईंची पाठ ताठ, आणि हात मनगटापर्यंत मिठात.

वाढायचं काम करणारी जी-वॉन (तीपण आमच्याच युनिची) नंतर सिंकपाशी येऊन कुजबुजली, "जॉन्जूचे यी लाखोंनी आहेत, मेट!" तिचं म्हणणं, पूर्वी यांगबान, म्हणजे त्यांच्याकडचे सरदार-उमराव, मूठभर होते. ते हाताने काम करायचे नाहीत. मग ज्याला जमेल त्याने कुठल्यातरी वंशावळीत आपलं नाव घुसवलं. आता कोरियात कुणालाही विचारा, सगळे यांगबानांचेच पणतू. "सो हू वॉश्ड द डिशेस?" जी-वॉन म्हणाली.

इतकी हसले! आणि हसता हसता आबा आठवले. मग परत भांडी घासायला लागले.

२५ जून

फोन केला. "आबा झोपलेत."

२८ जून

आज एक प्लेट फोडली. यीबाई रिकाम्या वेळात राजा-राण्यांच्या मालिकेची डीव्हीडी लावतात. त्यात एक राजकन्या जमिनीवर डोकं टेकून रडत होती. मी आपली ट्रे घेऊन चाललेले, आणि ती ओरडली — "आबामामा!" मी जागच्या जागी उभी, प्लेट खाली! म्हटलं, ही बया आबांना आणि मामाला एकदम कशाला हाक मारतेय? आणि मामा कुठाय? समोर तर एकटा राजाच बसलेला!

यीबाईंनी समजावलं. "आबा" म्हणजे बाप. "मामा" हा नुसता मान, राजघराण्यातल्या माणसाला द्यायचा. जी-वॉन तिच्या वडिलांना साधं "आप्पा" म्हणते. पण बाप राजा असेल तर — आबामामा.

मला हसूच फुटलं. प्लेटचे तुकडे गोळा करता करता बाई म्हणाल्या, "यू लाफ. गुड." कितीतरी दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आलं, की मी एरवी हसत नाही.

५ जुलै

गिऱ्हाईक नव्हतं. यीबाईंबरोबर कोबी धुवायला बसले. त्यांनी शेवटच्या युवराजाची गोष्ट सांगितली. दहा वर्षांचं पोर, जपान्यांनी उचलून नेलं. कशाला? तर "टु स्टडी." आई इकडे वाट बघत राहिली. तो परत आला तो तिच्या अंत्ययात्रेलाच.

मला कुणी उचलून आणलेलं नाही. मी हट्टाने आले, विमानतळावर पेढे वाटून आले. तरी एकच कोबी दोनदा धुतला.

"युवर फादर कॉल?" बाईंनी विचारलं. नाही म्हटलं. कारणही सांगितलं. त्यांनी एक पान उलटून दोन्ही बाजूंनी धुतलं. मग म्हणाल्या, त्यांनी नूडल्सची पहिली गाडी टाकली तेव्हा त्यांचेही वडील म्हणाले होते, राजाच्या घरातली मुलगी परक्यांसाठी रांधत नाही. "ही डाय अँग्री," म्हणाल्या. "यू टॉक फर्स्ट. एव्हरी डे. हू इज किंग, नॉट इम्पॉर्टंट."

मला भीती वाटतेय. आबा बहात्तर वर्षांचे आहेत.

६ जुलै

फोन केला. आबा "देवळात" होते. मागे कॉमेंट्री.

मी आईला मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "आबा आले की त्यांना सांग, कोरियाची राजकन्या बापाला आबामामा म्हणते. आणि त्याच घराण्यातली एक बाई माझ्याशेजारी बसून कोबी धुते, हेही सांग."

आईला हसू आवरेना. "आबा का मामा, एक काय ते ठरवा म्हणावं!" हेही तिने हॉलमध्ये ऐकू जाईल असंच म्हटलं. आणि मागची कॉमेंट्री बंद झाली! कुणीतरी टीव्ही बंद केला होता. मी थांबले. आईपण थांबली. फोनवर कुणी आलं नाही. शेवटी आई म्हणाली, "ठेवते गं, चिनू."

९ जुलै

काही नाही.

१३ जुलै

आज फोन केला नाही. बोलायचं तरी काय? खोलीत हीटर घुंऽऽ करतो, तोच एक आवाज. आज पहिल्यांदा वाटलं, परत जावं.

१९ जुलै

शिफ्ट संपवून हातमोजे काढत होते, तर मोबाइल वाजला. मिरजेचा नंबर. घरून मला कधीच फोन येत नाही, मीच करते. एक हातमोजा तसाच ठेवून फोन उचलला. "आई? काय झालं?"

पलीकडे नुसतं खाकरणं. मग —

"आबामामा बोलतोय. झाली का गं भांडी?"