दारातल्या दोन पट्ट्या

५ जानेवारी, सोमवार

समोरच्या प्रशीलला नाशिकला काम लागलं. एक तारखेला जाणार. पेढे आले. पण पेढे देताना त्याच्या आईचं, द्रौपदाबाईंचं, लक्ष त्यांच्या दारातल्या रॅम्पकडे.

प्रशीलची थोरली बहीण प्रज्ञा चाकाच्या खुर्चीवर असते, शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. त्यांची दारापुढची पायरी वीतभर उंच. खुर्ची उतरवायला लोखंडी रॅम्प आहे, तो सकाळ-संध्याकाळ प्रशीलच लावतो नि उचलतो. तसाच ठेवला तर अरुंद गल्लीत मोटरसायकलसुद्धा जात नाही. आता हे कोण करणार? आज द्रौपदाबाईंनी उचलून पाहिला. एक टोक जेमतेम वर आलं. "भलतं जड शे, आबा," म्हणाल्या आणि हसल्या. ते हसणं काही बरं वाटलं नाही मला.

प्रज्ञा म्हणते, नोकरी सोडते. घरातली साखर संपली म्हणून सांगावं, तसं सांगितलं तिनं.

७ जानेवारी

जन्मभर पत्र्याच्या कोठ्या नि पेट्या ठोकल्या. त्या रॅम्पच्या जागी दोन हलक्या पट्ट्या जमणार नाहीत होय? ॲल्युमिनियमचा पत्रा, एकेका बाजूच्या चाकांना एकेक पट्टी. द्रौपदाबाई भरली कळशी सहज उचलतात, तेव्हा पट्टी कळशीहून हलकी हवी. पण पत्रा जाड घेतला तर जड, पातळ घेतला तर वाकतो. इथंच गाडं अडलं.

जेवताना थाळीकडे बघत बसलो. आमची ही, मंजुळा, म्हणाली, "मीठ कमी पडलं का?" मीठ बरोबर होतं. थाळी एवढी पातळ, तरी ताठ — काठ आहे म्हणून. पत्र्याला लिंबाएवढी भोकं पाडायची, वजन गेलं. प्रत्येक भोकाचा काठ खाली वळवायचा, ताकद परत आली. मोटारीच्या आतल्या पत्र्याला अशी भोकं असतात. इतकी वर्षं पाहिली, ती कशाला असतात ते कधी मनात आलं नाही.

१० जानेवारी

काठ वळवायला साचा हवा. जीवरामच्या लेथवर गेलो. "आबा, या वयात दुपारी झोपायचं असतं," म्हणाला, पण हातातलं काम बाजूला ठेवून साचा करून दिला. नर-मादी. नर निमुळता, मादी म्हणजे पोकळ कडं, आतून गोलाई दिलेलं. मधे पत्रा, आरपार बोल्ट. नट आवळत गेलं की नर भोकात उतरतो आणि काठ पसरून वळतो. हातोडा लागत नाही, शेजारी झोपमोड नाही.

११ जानेवारी

काठ फाटला. तिन्ही वेळा.

१३ जानेवारी

भोक पाडलं की कडेला बारीक दाते राहतात. पत्रा ताणला की तिथूनच चिरतो. मंजुळा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना चिरलेली कड बोटानं मिटवत होती, ते बघून डोक्यात आलं. कानशीनं कड गुळगुळीत केली, तेलाचं बोट फिरवलं, नट हळूहळू आवळला. काठ वळला — लहान बाळाच्या ओठासारखा. बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसलो. चहा गार झाला.

१८ जानेवारी

पट्टी एका टोकाकडून करत गेलो. पुरी झाली तेव्हा केळ्यासारखी वाकलेली. जीवराम म्हणतो, "रावेरच्या केळ्यांच्या ट्रकात टाका, खपून जाईल." हसून झाल्यावर कामाचं बोलला — "गाडीच्या चाकाचे नट कसे आवळतो आपण? समोरासमोर." खरंच की. नवा पत्रा घेतला. एक भोक या टोकाचं, एक त्या टोकाचं, मधली शेवटी. सरळ राहिला.

प्रज्ञा येऊन बघून गेली. "आबा, ही तर चाळणी केली तुम्ही. मी गाळली जाईन खाली."

"पीठ खाली जातं, कोंडा वर राहतो. तू काय ते तूच ठरव," म्हटलं.

"मग मी वरच राहते," म्हणाली. पुष्कळ दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं.

२४ जानेवारी

दोन्ही पट्ट्या झाल्या. वर उभा राहिलो. उडी मारणार, तोच मंजुळा म्हणाली, "पट्टी टिकेल हो, तुमची कंबर टिकायची नाही." मग प्रशील खुर्चीत बसून वर-खाली करून आला. पट्ट्या वाकल्या नाहीत. खडखड वाजतात मात्र.

द्रौपदाबाईंनी दोन हातांत दोन पट्ट्या उचलल्या. "बठ्ठं वजन इतलंच शे?" पुन्हा ठेवल्या, पुन्हा उचलल्या. प्रज्ञा बघत होती.

१ फेब्रुवारी, रविवार

प्रशील गेला. द्रौपदाबाईंनी संध्याकाळभर पट्ट्या लावायचा सराव केला. उद्या लेकीला उशीर व्हायला नको म्हणतात.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी द्रौपदाबाई ओल्या केसांनी आमच्या दारात. "आबा, पट्ट्या तुम्ही उचलल्या का?"

नाही म्हटलं. बाहेर आलो. दोन्ही पट्ट्या भिंतीला नीट टेकवलेल्या. आई आंघोळीला गेली तेवढ्यात प्रज्ञा एकटीच पट्ट्या लावून उतरली नि त्या उचलून ठेवून शाळेला निघून गेलेली.

मी हलक्या केल्या होत्या, त्या आईच्या हातांसाठी.