रस्त्याखालची मोरी

बाबा, आज रोह्याकडच्या एका रस्त्यावरून आतल्या वाडीपर्यंत पहिल्यांदाच एसटी गेली. घरी सांगितलं तर सगळ्यांना बरंच वाटलं, पण त्यात मी नेमकं काय जिंकले ते फक्त तुम्हाला कळलं असतं, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. पेण ते कासू या तुकड्यातले खड्डे बुजवणारे आणि गटारं मोकळी ठेवणारे तुम्ही साधे मैलकुली होतात, आणि मी आता त्याच बांधकाम खात्यात उपअभियंता आहे.

मला ती संध्याकाळ आठवते. मी सातवीत आहे. आई चुलीवर सुकट परततेय आणि दारात दोन शेजारी भांडतायत. एकाच्या भातात पाणी तुंबलंय, रस्त्याचं गटार दुसऱ्याने मुद्दाम बुजवलं असं त्याचं म्हणणं. मी आतूनच ओरडले, "ह्या काकांनीच बुजवलंय!" तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू बघितलंस?" मी म्हटलं, "नाय." "मग गप ऱ्हा. बघितल्याबिगर बोलायचं नाय." माझं तोंड उतरलं. तुम्ही मात्र त्या दोघांना रस्त्यावर नेलंत, पालथं पडायला लावलंत आणि रस्त्याखालच्या पाइपात हात घालायला सांगितलंत. आत कुजलेलं गोणपाट अडकलं होतं, कुठून तरी वाहून आलेलं. दोघेही चिखलाने माखून परत आले आणि आपल्याकडेच जेवले. पुढे मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही तुमचे गमबूट धुऊन, मला मोठे होतात म्हणून बोटांकडे चिंध्या कोंबून माझ्यापुढे ठेवलेत. म्हणालात, "सायबीण झालीस तरी चिखल काय सुटायचा नाय."

तर या रस्त्याचं असं झालं. वाडीच्या अलीकडे शंभरेक पावलांचा तुकडा दर पावसाळ्यात खचायचा. आमचं खातं म्हणायचं, ठेकेदाराने भराव नीट दाबला नाही. ठेकेदार म्हणायचा, खात्याचा नकाशाच चुकलाय. काम बंद पडलं आणि दोन वर्षं नुसती पत्रं चालली. तोवर वाडीतल्या आजारी माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणत होते. शेवटी तंटा सोडवायला तिघांची समिती नेमली आणि खात्याची बाजू मांडायला मला उभं केलं. सगळे कागद आमच्या बाजूने होते. बैठकीच्या आदल्या दिवशी मी एकटीच जागेवर गेले. डिसेंबर होता. रस्त्याच्या वरच्या अंगाला लव्हाळं हिरवंगार, आणि खालच्या अंगाला जमिनीला भेगा. म्हणजे पाणी रस्त्यापाशीच अडत होतं. तिथे शेळ्या घेऊन आलेल्या वाडीतल्या एका म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "हितं मोरी व्हती गो बाय, पानी रस्त्याच्या खालनं जायचं. दगडाची. तुमच्या लोकांनीच पुरली." पण कामाआधीच्या पाहणीच्या कागदावर "या ठिकाणी मोरी नाही" असं लिहिलंय, आणि खाली सही माझी आहे. मे महिन्यात, ओढा कोरडा असताना, जीपमधून न उतरता केलेली सही.

मी पेणला परत येऊन माझ्या साहेबांना सांगितलं, तिथे खणून बघूया. ते म्हणाले, "मॅडम, खणायची हौस कशाला? आपण जिंकतोय." कागदोपत्री तेच खरं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी समितीपुढे फाईल उघडलीच नाही. म्हटलं, "सगळ्यांनी जागेवर चला." कुरकुर करत आले. खड्डा खणला. छातीइतकं खोल गेल्यावर पहार दगडावर वाजली. मोरीची कमान तशीच शाबूत, तोंड मातीने बंद. मी ठेकेदाराच्या इंजिनिअरला म्हटलं, "उतरा खाली. मीपण येते." दोघांनी आत हात घातला. थंड पाणी होतं. मी तिथूनच, वर उभ्या असलेल्या माणसांकडे बघत म्हटलं, "पाहणी माझी होती. मी गाडीतून उतरले नव्हते. चूक आमची आहे." मग तो इंजिनिअर हात पुसत म्हणाला, "मॅडम, वरचा थर आम्हीपण ओल्यातच दाबला. घाई होती." बाबा, दोन वर्षं अडलेलं भांडण त्या खड्ड्यात तासाभरात मिटलं! आम्ही नवी मोरी द्यायची आणि त्यांनी भराव पुन्हा करायचा, असं ठरून तिथेच जीपच्या बॉनेटवर सह्या झाल्या. मला खात्याची नोटीस आली, ती मी ताठ मानेने घेतली.

यंदा श्रावणात धो धो पाऊस असताना मी मुद्दाम गेले. रस्ता इंचभरसुद्धा हलला नव्हता आणि मोरीतून लाल पाणी नुसतं उसळत होतं. ती म्हातारी पलीकडून हात उंचावून ओरडली, "खालनं गेलं गो बाय, सगळं खालनं गेलं!" मीही ओरडले, काय ते आठवत नाही. आज एसटीच्या चालकाने वाडीत शिरताना जो हॉर्न धरला तो सोडेचना. पोरं मागे धावत होती आणि मी, दोन मुलांची आई, त्यांच्याबरोबर धावले.

हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. सह्या झाल्यावर समितीचे अध्यक्ष मला म्हणाले होते, "आधी जागा दाखवायची, मग बोलायचं. हे कुठे शिकलात?" सगळे ऐकत होते. मी माझ्या कॉलेजचं नाव सांगितलं.