दोन हातांची काठी

प्रिय दादास, धाकटीचा नमस्कार.

शुक्रवारी भांडी विसळून मी चादरी वाळत घालत होते, तर लेक माळ्यावरून तिच्या बाबांची गळाची काठी घेऊन खाली आली. "रविवारी मी नदीवर जाणार," म्हणाली. ज्या नदीने यांना नेलं, तीच नदी. पिळलेली चादर मी पुन्हा पिळत राहिले.

अडवून ती ऐकणारी नाही, तुझ्यावर गेलीय. म्हणून यांची मासेमारीची पुस्तकं काढून वाचली. यांची काठी एका हाताची. फेकताना दोर आधी मागे झोकावा लागतो, तो मागच्या झाडांत अडकायचा, म्हणून हे छातीभर पाण्यात जायचे. दोन हातांनी धरायच्या काठीला, स्पे रॉडला, मागे एवढी जागा लागत नाही. काठाजवळूनच दोर लांब जातो.

शनिवारी आम्ही दोघी गळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. मालक सगळ्यात लांब काठी पुढे करत होता. मी म्हटलं, "हलकी दाखवा. हात भरून आले, की पाय घसरतो."

लेक म्हणाली, "आई, काठी घेतेयस की मला बांधायला दावं?"

"दावंच."

मालक दुसरीकडे बघायला लागला. लेकीने हलकी काठी दोन्ही हातांत तोलून पाहिली आणि तीच घेतली.

वहिनीचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे, झोपही लागते बऱ्यापैकी.

रविवारी मी तिच्यासोबत नदीवर गेले आणि ती काठालगतच्या उथळ पाण्यातून बाहेर येईपर्यंत काठावर उभी राहिले.

तुझी,
धाकटी