ऊन पडलं की अंधार

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा या खेपेस तो कागदावरच गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी खोकल्याचं औषध घेतात, की नुसती बाटली बघूनच त्यांना बरं वाटतं? इकडे मी, आश्रमातली मुलं आणि मांजर खुशाल आहोत. मांजर जरा जास्तच.

मागच्या पत्रात मी मोठ्या ऐटीत कळवलं होतं, की आमच्या अनाथाश्रमाच्या गच्चीवर सोलारची पॅनेलं बसली. आता पुढचं ऐक. आमच्याकडची वीज म्हणजे रुसलेला जावई. कधी येईल, किती टिकेल, काही नेम नाही. (हे वाक्य भावोजींना वाचून दाखवू नकोस.) दिवसा एक वेळ निभावतं, पण रात्री लहान मुलांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतचा लांब व्हरांडा काळाकुट्ट होतो आणि तिथून एकटं जायची छोट्यांची छाती होत नाही. त्या व्हरांड्यात रात्रभर एक दिवा राहावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. सोलारवाला भला माणूस. बोलतो कमी, डोकं खाजवतो जास्त. त्याने जिन्याखाली बॅटरी ठेवली, मी बटण दाबलं, दिवा लागला, मुलांनी टाळ्या पिटल्या आणि मी छोटंसं भाषणही ठोकलं. (छोटंसं हे माझं मत.) निजानीज झाली आणि दिवा गेला.

तिथून जे सुरू झालं, ते ऐकून तू कपाळाला हात लावशील. स्वच्छ ऊन पडलं की रात्री अंधार, आणि आभाळ भरून आलं की दिवा सकाळपर्यंत ठणठणीत! सोलारवाला रोज संध्याकाळी, बाकीची कामं उरकून यायचा. त्याने तारा बदलल्या, बॅटरी बदलली. मी वर्तमानपत्री विज्ञानाच्या जोरावर असा सिद्धांत मांडला, की आमची पॅनेलं उन्हाने दिपत असावीत. तो त्याने इतका मन लावून ऐकला, की माझी मलाच लाज वाटली. शेवटी तो म्हणाला, की उद्या भर दुपारी येऊन बघतो. नाहीच जमलं तर पॅनेलं उतरवून दुसऱ्या संस्थेला द्या, असा देणगीदारांचा निरोप आहे. त्या रात्री मला घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. तो गच्चीवर चढला, त्याच्यामागून मी (कंबर तिथेच धरली), आणि नको म्हटलं तरी माझ्यामागून अर्धा आश्रम. वर बघतो तर पॅनेलं दिसतच नाहीत! त्यांच्यावर चादरी पसरलेल्या, कोपऱ्यांवर विटा ठेवलेल्या, आणि मावशी शेवटच्या चादरीच्या सुरकुत्या काढते आहे. (मावशी म्हणजे लहान मुलांचं सगळं बघणारी. आश्रम चालवते ती, पाटीवर नाव माझं.) सोलारवाला मटकन खालीच बसला.

"असे काय बघता?" मावशी कडाडली. "माझी दोरी होती इथे. ती काढून तुम्ही ही काचेची खेळणी मांडलीत. मग वाळत कुठे घालू, तुमच्या डोक्यावर?"

तेव्हा उलगडा झाला. अंधाराला भिऊन छोटी मुलं उठत नाहीत, मग अंथरूण ओलं होतं. ती चादर अंगणात घातली तर कुणाची ते मोठी मुलं ओळखतात आणि चिडवतात. (चादरींवर खाटांचे नंबर घालायची अक्कल माझीच.) म्हणून मावशी कित्येक वर्षं, सगळे उठायच्या आत चादरी धुऊन गुपचूप गच्चीवर नेत होती आणि चहाच्या वेळेला उचलून आणत होती. ढगाळ असलं तर स्वयंपाकघरात, शेगडीमागे. म्हणजे बघ, अंधार म्हणून चादर ओली, चादर ओली म्हणून पॅनेल झाकलेलं, आणि पॅनेल झाकलेलं म्हणून पुन्हा अंधार! आम्ही दोघे शहाणे तारा हुंगत बसलो होतो. मावशीला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

हसून हसून पुरेवाट झाली खरी, पण जिन्यातल्या मुलांनी नंबर वाचले होते. आमची सगळ्यात धाकटी, तिला आम्ही चिमणी म्हणतो, ती खाटेखाली जाऊन बसली ती जेवायलाही येईना.

जेवताना मी उठून उभा राहिलो. (भाषण येतंय हे ओळखून मुलांनी भराभर जेवायला सुरुवात केली.) मी सांगितलं, की मी चांगला चौथीत जाईपर्यंत अंथरूण ओलं करत होतो. असा हशा उसळला की भांडी वाजली. दारातून चिमणीचं डोकं डोकावलं.

"मग तुमची चादर कोण धुवायचं?" तिने विचारलं.

आता सोलारवाल्याने टाकीमागे मावशीला स्वतःच्या हाताने नवी दोरी बांधून दिली आहे. व्हरांड्यातला दिवा रात्रभर जळतो. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : चिमणीला मी खरं तेच सांगितलं. माझी ताई धुवायची, आई उठायच्या आत, आणि तिने घरात कुणाला कधी कळू दिलं नाही. इतकी वर्षं तू राखलेलं गुपित मी एका जेवणात फोडलं, त्याबद्दल रागावू नकोस. त्या वेळी मला किती आधार वाटायचा, हे तुला बोलून दाखवायचं राहूनच गेलं होतं. आता सगळ्या मुलांना तुला बघायचं आहे.

आणखी एक : काल चिमणीची चादर कोरडी होती. तरी तिने ती दोरीवर घातली आहे. गच्चीवर नाही, अंगणात, नंबर बाहेरच्या बाजूला करून. ताई येऊन बघेपर्यंत कुणी काढायची नाही, असं तिचं फर्मान आहे. तेव्हा गुडघे सांभाळून, पण लवकर ये.