दादाचं वायरिंग, माझा रंग

३ नोव्हेंबर, मंगळवार
ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. इंडिकेटर दिला की मागचे सगळेच दिवे लुकलुकतात! पुढचा डावा तर असून नसल्यासारखा. वडिलांची, अप्पांची गाडी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सहा महिने खपून पत्रा आणि रंग मी केला, वायरिंग दादाने. ११ तारखेला तपासणी. दिवे नापास तर गाडी रस्त्यावर नाही — आणि आईला तिच्यातूनच मावशीकडे जायचंय. "मी आहे तोवर करा रे बाबांनो," म्हणते.

दादाने वाकून बघितलं आणि गप्प बसला. हा माणूस गप्प बसला की माझं डोकंच फिरतं! सगळ्यांसमोर बोललो — "आधी डोळ्यांचं ऑपरेशन करून घे, मग वायरी जोड." त्याने हत्यारं पुसून पेटीत ठेवली आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.

४ नोव्हेंबर
बल्ब बदलले. पहिले पाढे पंचावन्न.

५ नोव्हेंबर
फ्यूज नवे, स्विच उघडून साफ. तेच! आता दादाची एकेक वायर तपासतोय. प्रत्येक टोकाला चिठ्ठी, बारीक अक्षरात — 'मागचा डावा', 'ब्रेक'. एक चूक सापडत नाही. सापडावी असं वाटतंय, हे जास्त वाईट. बायको म्हणाली, "भाऊजींना फोन करा ना." म्हटलं, तूच कर.

७ नोव्हेंबर
आईने विचारलं, "थोरला का येत नाही?" कामात आहे म्हणालो. साठाव्या वर्षी आईशी खोटं!

९ नोव्हेंबर, सोमवार
सापडलं! वैतागून बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक सुटी वायर ओढली आणि मागच्या दिव्याच्या पत्र्याला टेकवली — लख्ख! ब्रेक वेगळा, इंडिकेटर वेगळा, शहाण्यासारखे. म्हणजे वायरिंगला दोषच नाही. करंट वायरीने दिव्यापर्यंत जातो, परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून. आणि त्या परतीच्या वाटेवर काय? माझा रंग! बोल्टच्या भोकात, वॉशरखाली, दिव्यांच्या बैठकीत — गंज नको म्हणून चार-चार हात! उघडा पत्रा नखाएवढा ठेवला नाही मी. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

पॉलिश पेपर घेऊन बसलो. आठ ठिकाणी पत्रा चमकेपर्यंत घासलं. जीव तुटत होता. सगळे दिवे लागले, पण आनंद काही झाला नाही. दादाला फोन लावायला तीनदा उचलला, तीनदा खाली ठेवला. काय तोंडाने बोलू?

१० नोव्हेंबर
सकाळीच दादाकडे गेलो. दार वहिनीने उघडलं. दारातच सगळं सांगून टाकलं — चूक माझ्या रंगाची, दादाची नाही.

वहिनी म्हणाली, "त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. घरी येऊन म्हणाले, रंगामुळे अडलंय. पण पोराने सहा महिने जीव ओतलाय, त्याला खरवड म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? त्याला वायरिंगच चुकलंय वाटतंय ना, वाटू दे."

आतून दादाचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

"मी आहे, दादा," म्हणत चपला काढल्या आणि आत गेलो.