सम्राज्ञीचे डोळे

२३ ऑक्टोबर २०१७, सोमवार, मसोली

पाडव्याला मी भारतीला साडी दिली आणि तिनं ओवाळून मला ही वही दिली. म्हणाली, दिवसभराचं सगळं माझ्या कानाशी बडबडता, आता थोडं वहीलाही सांगा. तर वहीबाई, नमस्कार. मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. सीझन संपला की आम्ही कारागीर माशा मारत बसतो, त्यामुळे डहाणूला सिरियलच्या सेटवर काम आहे असं कळल्यावर ट्रंक भरली आणि बायकोला घेऊन आलो.

काम काय, तर रोम उभं करायचं! चिखले गावच्या सुरूच्या बनात प्लायवूड, थर्माकोल आणि पीओपीचं अख्खं शहर. खांब, कमानी, सिनेटच्या पायऱ्या. बोटानं ठोकलं तर ढब्ब वाजतं, लांबून बघाल तर संगमरवर. आर्ट डायरेक्टर दलालसाहेब मुंबईचे गुजराती, पण मराठी फक्कड बोलतात. रोमचा विषय निघाला की त्यांचा चहा थंड होतो.

मसोलीत खोली मिळाली. मागे चिकूची वाडी आहे. भारतीनं आल्या आल्या खिडकी पुसली, स्टोव्ह मांडला आणि मला बाजारात पिटाळलं. दोन वर्षं झाली लग्नाला, पण आईवडिलांशिवाय संसार हा पहिलाच. मी भलताच खूश आहे.

२८ ऑक्टोबर, शनिवार

रोमची सगळी जनता इथलीच. सरावलीतून आणि तलासरीकडच्या डोंगरातल्या गावांतून टेम्पो भरून माणसं येतात. एरवी भात, नाचणी करणारी, नाहीतर मजुरीवर जाणारी. दलालसाहेबांनी त्यांची वाटणी केली. उंच तो सिनेटर, आडवा तो शिपाई, उरले ते गुलाम. गंमत म्हणजे दोनच दिवसांत टोगावाले, म्हणजे अंगाला पांढरं कापड गुंडाळलेले सिनेटर, आपोआप खुर्च्यांवर बसायला लागले आणि गुलाम झाडाखाली. कुणी सांगितलं नव्हतं.

सुदाम म्हणून एक उंचापुरा गडी आहे, त्याला कॉन्सल केलाय. त्याची बायको जिवली मात्र गुलामांत. नवऱ्याच्या मागून मडकं घेऊन चालते आणि सगळे दोघांना चिडवतात. दलालसाहेबांनी सुदामला समजावलं की कॉन्सल दोन असत, वर्षासाठी निवडलेले, फौज त्यांच्या हाताखाली, पुढे सम्राट आले तेव्हा नुसता मान उरला. सुदामनं सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "सायेब, ही सीट राखीव हाय का?" साहेबांना ठसका लागला.

६ नोव्हेंबर, सोमवार

रोमचं राजकारण चेहऱ्यांवर चालायचं, असं साहेब म्हणतात. मोठ्या घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे दिवाणखान्यात टांगलेले, घरात कुणी मेलं की ते घालून माणसं प्रेतयात्रेत चालायची. सत्तेवर आलेल्याचे पुतळे चौकाचौकात. म्हणून आपल्या चौकातही पात्रांचे अर्धपुतळे पाहिजेत. ते मी करतोय. साचा न घेता, समोर माणूस बसवून, काथ्या घालून पीओपीत.

पहिला सुदामचा झाला. डोळे शेवटी ठेवले. आमच्या वडिलांची शिस्त आहे: अंघोळ करून, आधी डावा डोळा, मग उजवा. डोळे उघडले, म्हणजे रंगवून झाले, की मूर्तीला पुन्हा लोखंड लावायचं नाही, तिची वाट फक्त पाण्याकडे. मी साहेबांना भीत भीत विचारलं, रोमन पुतळे तर पांढऱ्या डोळ्यांचे असतात ना? ते उडालेच. म्हणाले, खरे पुतळे रंगवलेलेच असत, तुम्ही बिनधास्त काढा. काढले. सुदाम स्वतःपुढे उभा राहून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "हा माझ्याकडं बघतंय, दादा."

१३ नोव्हेंबर, सोमवार

सम्राज्ञीचं काम करणारी नटी मुंबईहून आलीच नाही. तिचा पुतळा मात्र आजच हवा. मग काय, भारतीला बसवलं. मान वर करून अशी बसली की मला खरंच मुजरा करावासा वाटला. तिच्या डाव्या डोळ्यात बाहुलीखाली तिळाएवढा तांबूस ठिपका आहे. लग्न ठरवायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन मी तेवढंच बघत बसलो होतो. तो ठिपकाही काढला. आतापर्यंत हजारो डोळे काढले असतील, असे नाही काढले.

ती मला चिडवत होती. ती अलिबागजवळच्या नागावची. म्हणाली, तुम्ही पेणवाले देव घडवता आणि हात झटकता. शाडूचा विरघळून जातो, पण तुमचे पीओपीचे देव दुसऱ्या दिवशी आमच्या किनाऱ्यावर परत येतात, कुणाचं नाक गेलेलं, कुणाचे डोळे. आम्ही पोरी गोळा करायचो आणि रडायचो. मी कबूल केलं की मी आयुष्यात एकही विसर्जन बघितलेलं नाही. तेव्हा आम्ही कारागीर घोरत असतो. हसलो दोघं.

२० नोव्हेंबर, सोमवार

आज कॉन्सल पडला. म्हणजे सिरियलीत. फौज सम्राटाकडे वळली, सिनेटनं माना डोलावल्या. साहेबांनी सांगितलं की रोममध्ये अशा माणसाला नुसतं मारून भागत नसे. तो होता, हेच पुसायचं. दगडावरचं नाव घासायचं, पुतळ्याचा चेहरा तासायचा, त्याच्या नावानं रडेल त्याचीही खैर नाही. शिवाय काटकसर म्हणून त्याच डोक्यातून पुढच्या माणसाचं तोंड कोरायचं. तासताना कॅमेऱ्यात हात तुमचे दिसतील, म्हणाले.

पटाशी घेतली आणि हात अडला. उघडलेल्या डोळ्यांना लोखंड. पण हा कुठे देव आहे, पीओपीचा गोळा, असं मनाला समजावलं. सुदाम कॅमेऱ्यामागे उभा राहून हसत होता. "हाणा दादा, मना नाय लागत." आधी नाक गेलं, मग डोळे. शॉट एका दमात ओके. संध्याकाळपर्यंत त्यातून लाहूचं तोंड काढलं. लाहू म्हणजे कालपर्यंतचा साधा सिनेटर.

घरी आलो तर भूक नव्हती.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सुदाम आला नाही. जिवलीला विचारलं, तुझा नवरा कुठे? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग बाकीच्या बायकांकडे बघून हसली. "माझा कोन नाय, दादा. लगीन कुठं झालाय माझा?"

मला वाटलं भांडण झालं असेल. टेम्पोवाल्याला विचारलं, लाहूला विचारलं. कोण सुदाम? लाहू म्हणतो पहिल्या दिवसापासून कॉन्सल तोच आहे. साहेबांनी जुने शॉट दाखवले. टोगा चालतो, मागून जिवली मडकं घेऊन चालते, टोग्यात लाहू. सगळीकडे लाहू.

दुपारी जिवलीनं डबा उघडला. नाचणीच्या भाकऱ्या दोघांना पुरतील एवढ्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत बसली, मग उरलेल्या कुत्र्याला घातल्या. मी त्याचे डोळे काढले होते म्हणून फक्त मला तो आठवतो. दुसरं काही कारण मला सुचत नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

भारतीला सगळं सांगितलं. तिला सुदाम आठवत नाही. तिनंच त्याला एकदा चिकू बांधून दिले होते. कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं, आपण पेणला जाऊ म्हणाली.

मी साहेबांकडे गेलो. हिशोब करा, मी निघतो, म्हटलं. ते म्हणाले जरूर जा, पण सोमवारचा सीन करून जा. सम्राट बायकोवर उलटतो, तिला बेटावर धाडून मारतो, आणि तिचा चेहरा तासायचा आहे.

मी पाय धरले. नवा पुतळा फुकट करतो, पण तो नको. त्यांना कळेचना. प्रेमानं खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमच्यानं होत नसेल तर सुतार करेल, त्यात काय एवढं.

३० नोव्हेंबर, गुरुवार

पुतळा पेणला न्यावा तर गेटवर सामान तपासतात. आणि नेला तरी पुढे काय? जन्मभर फळीवर ठेवायचा आणि मांजर उडी मारेल म्हणून जागायचं? वडिलांचा नियम मोडला म्हणून सुदाम गेला. मग नियम पाळायचा. उघडलेल्या डोळ्यांची वाट पाण्याकडे. सेटच्या मागे समुद्रच आहे. रीतसर करायचं, म्हणजे तिला धक्का लागणार नाही. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

२ डिसेंबर, शनिवार

झालं. जेवणाच्या सुट्टीत सगळे मांडवात होते. पुतळा गोणपाटात गुंडाळून सुरूच्या बनातून किनाऱ्यावर नेला. भरती लागत होती. हळदकुंकू वाहिलं, दहीपोह्यांची शिदोरी दिली, पुटपुटत आरती म्हटली. छातीभर पाण्यात जाऊन सोडला. तोंडातून सवयीनं निघालं, पुढच्या वर्षी लवकर या.

खोलीवर धावत आलो. भारती खिडकीत गजरा करत बसली होती. मी रडलो. ती म्हणाली, अहो, भिजलात कसे एवढे?

४ डिसेंबर, सोमवार

सीन झालाच नाही. पुतळा चोरीला गेला म्हणून साहेब भडकले, आणि वादळाची बातमी आहे म्हणून दुपारीच पॅकअप केलं. मी आनंदात किनाऱ्यानं घरी निघालो.

तो वाळूत उताणा पडला होता. नाक गेलेलं. उजवा डोळा धुऊन निघालेला.

पीओपी. तिनं सांगितलं होतं मला. हसत हसत सांगितलं होतं.

उचलायला वाकलो तर लाट आली आणि घेऊन गेली. त्याच्यामागे पाण्यात गेलो, बुडता बुडता वाचलो. हाती लागला नाही.

घरी भारती फोन हातात घेऊन बसली होती. आईला लावला होता. आई म्हणाली, राँग नंबर. आम्हाला मुलगी नाही.

५ डिसेंबर

पाऊस. समुद्राचा आवाज मसोलीपर्यंत येतोय. दोनदा किनाऱ्यावर गेलो. दिसतो, वळतो, जातो. प्रत्येक लाटेला थोडा कमी.

भारती विचारते तिचं माहेर कुठलं. मी सांगतो नागाव. थोड्या वेळानं पुन्हा विचारते. तिला वास येत नाही. गजरा नाकाशी धरून बसली आहे. नाकाकडे मी बघत नाही. बघवत नाही.

मी केलं हे. पटाशीनं एका दिवसात संपलं असतं, मी तिला समुद्राकडे झिजायला दिली.

६ डिसेंबर

मोबाईलमध्ये लग्नाचा फोटो. मी आहे. शेजारी शालू आहे, मुंडावळ्या आहेत. मधे गुळगुळीत.

घरमालकीण विचारते, एकट्या माणसाला दोन गाद्या कशाला.

भारती, भारती, भारती. लिहून ठेवतो आहे. डावा डोळा अजून

७

सापडला. वाळूत. गोटा झालाय. डोकं कुठलं आणि मान कुठली ते कळत नाही. छातीशी धरून आणलाय, पण —

उशीर झाला

तारीख —

खोलीत एक बाई बसली आहे. भिंतीकडे तोंड करून. पाणी हवं का विचारलं. मान हलली.

मागची पानं वाचली. भारती हे नाव माझ्याच अक्षरात आहे. सगळं वाचलं. पोहे, नागाव, मान वर करून बसलेली. चेहरा येत नाही. डोळे काढणारा मी, आणि मला —

अंघोळ केली. रंग कालवला. अजून एक करता येईल. आखणी. तिच्यावरच. उघडतील कदाचित.

ती वळली.

काही नाही तिथे. कपाळापासून हनुवटीपर्यंत काही नाही. तरी ओलं आहे. रडते आहे, कुठून रडते आहे —

आधी डावा. ब्रश टेकवला. गरम आहे ती.

गणपतीचे डोळे येतायत हातात. शेकड्यांनी. सुदामचे येतायत, लाहूचे — तिचे नाही येत — ठिपका होता असं लिहिलंय, तांबूस — तांबूस म्हणजे कसा — कुठे —

तिनं माझा हात धरला. ब्रश स्वतःच जागेवर नेऊन ठेवला, इथे, असा. थांबली आहे. वाट बघते आहे. आणि मला तिथे काय होतं ते